अंतर मोजावं ते उंबऱ्यापासून

मुलगा नाहीतर लेक अमेरिकेत आहे, अशी घरं आता निपाणीच्या गल्लोगल्ली आहेत. किती लांब, असं विचारलं की उत्तर तासांत मिळतं, "सतरा तास." पण हे झाले विमानतळापासून विमानतळापर्यंतचे तास.

बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १४,००० किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांमधलं पहिलं थेट विमान सॅन फ्रान्सिस्कोहून सोडलं. ते चालवणाऱ्या सगळ्या महिला होत्या. झोया अग्रवाल यांच्याबरोबर त्या पथकात आकांक्षा सोनवरे होत्या. विमान आलं उत्तर ध्रुवावरून. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो आपोआप वर ध्रुवाकडे सरकतो. गोलावरची जवळची वाट तीच. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना मात्र वाटेत पश्चिमेकडून येणारे जोराचे वारे समोरून लागतात, म्हणून जायला जास्त वेळ लागतो आणि येताना तो वाचतो.

हे सगळं शास्त्र विलक्षण आहे, पण निपाणीकरांचा खरा वेळ जातो तो जमिनीवर. बेळगावचा सांबरा विमानतळ ऐंशीएक किलोमीटर. तवंदी घाट चढायचा, हत्तरगीचा टोलनाका ओलांडायचा, बेळगाव शहरातून वाट काढायची, शिवाय दोन तास आधी पोचायचं. तिथून बंगळूरचं हवाई अंतर जेमतेम साडेचारशे किलोमीटर, तास-सव्वा तासाचं उड्डाण. म्हणजे विमानात बसायच्या आधीच त्याच्या तिप्पट वेळ गेलेला असतो. कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ जवळ, चाळीसेक किलोमीटरवर. पण कागल ओलांडलं की महामार्गाच्या रुंदीकरणाची खोदाई. आणि तिथून मुंबई गाठली, तरी मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामुळे सकाळी मुंबईत उतरलेल्या म्हाताऱ्या आईबापांनी दिवसभर बॅगा सांभाळत बसायचं.

धावपट्ट्या आपल्याकडे काही कालच्या नाहीत. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४२ मध्ये युद्धासाठी बांधली. २०१७ मध्ये तिथे नवी इमारतही उभी राहिली. उणीव आहे ती वेळापत्रकाच्या मेळाची. बेळगाव आणि कोल्हापूरहून संध्याकाळी सुटणारं विमान मुंबई-बंगळूरच्या रात्रीच्या परदेशी उड्डाणांना जोडून मिळावं, ही मागणी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या खासदारांनी एकत्र लावून धरली पाहिजे. त्यात सीमावादाचा प्रश्नच येत नाही.

तोवर एक काळजी घ्या. गावापासून अमेरिकेपर्यंतचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही आणि तिकिटाचे पैसेही बुडतात.