माशी ज्या विळ्यावर बसली



बारावीचा निकाल लागला की आमच्या कार्यालयात खता-बियाण्यापेक्षा पोरांच्या शिक्षणाची चौकशी जास्त होते. परवा माझ्या ओळखीचे एक कपाशीवाले शेतकरी लेकीला घेऊन आले. पोरीला बारावी विज्ञानाला चांगले गुण मिळालेले. चहा आला, तरी गृहस्थ गप्पच. शेवटी म्हणाले, "साहेब, हिला नर्सिंगला घालावं म्हणतो, तर ही म्हणते न्यायसहायक विज्ञान शिकणार. ते फॉरेन्सिक का काय म्हणतात ते. आता पोरीच्या जातीनं मढी चिरत बसायचं का?"

मी पोरीला विचारलं, "का गं, हेच का शिकायचंय?"

ती म्हणाली, "काकूमुळं."

तिचा चुलता दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला गेला, तो सकाळी खोपीत मेलेला सापडला. शेजारी कीटकनाशकाचा डबा होता. झालं! गावानं निकाल देऊन टाकला, "औषध प्यायला. घरात काहीतरी झालं असणार." बोटं वळली ती काकूकडं. शवविच्छेदनात डॉक्टरांनी घोट्यावरच्या दोन बारीक खुणा लिहून ठेवल्या, मृत्यूचं कारण राखून ठेवलं आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेकडं पाठवले. अहवाल यायला अकरा महिने लागले. तोवर अपघाती मृत्यूच्या अनुदानाचे कागद अडलेले आणि काकूनं हळदी-कुंकवाला जाणं तर सोडाच, पाणवठ्यावर जाणंही सोडलेलं. अखेर अहवाल आला. कोणतंही विष सापडलं नव्हतं. तो अहवाल आणि घोट्यावरच्या खुणा पाहून डॉक्टरांनी सर्पदंश असा अंतिम अभिप्राय दिला.

पोरगी म्हणाली, "साहेब, गावाचं तोंड एका कागदानं बंद झालं. तो कागद कोण लिहितं, ते मला शिकायचंय."

वाचकहो, यावर मी काय बोलणार? पण बापाची काळजीही खोटी नव्हती. म्हणून त्या दोघांना जे सांगितलं, तेच आज तुम्हांलाही सांगतो.

पहिली गोष्ट, मढी चिरण्याचं काम या पदवीवाल्यांचं नव्हे. शवविच्छेदन करतात ते डॉक्टर आणि त्यासाठी वैद्यकीचं शिक्षण लागतं. न्यायसहायक विज्ञान शिकलेला माणूस प्रयोगशाळेत बसतो. आलेल्या नमुन्यात विष आहे का, डाग रक्ताचा की रंगाचा, खरेदीखतावरची सही खरी की नक्कल केलेली, बोटांचा ठसा कोणाचा, हे तो तपासतो. म्हणून या शिक्षणात रसायन, भौतिक आणि जीवशास्त्र हा पाया असतो. त्यावर विषशास्त्र, ठसे, दस्तऐवज, डीएनए आणि पुराव्याचा कायदा हे विषय येतात. ज्याला रसायनशास्त्राचा कंटाळा, त्यानं सिनेमा पाहून इकडं वळू नये.

ही विद्या काही परकी नाही. चीन देशात सुंग त्झू नावाच्या न्यायाधिकाऱ्यानं १२४७ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक हकिगत आहे. एका माणसाचा विळ्याचे घाव घालून खून झाला होता. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यानं आसपासच्या सगळ्यांचे विळे मागवून जमिनीवर ओळीनं मांडले. दिवस उन्हाचे. थोड्या वेळानं माश्या येऊन एकाच विळ्यावर घोंघावू लागल्या. विळा पुसलेला होता, पण रक्ताचा वास माशीला लपत नाही. विळ्याच्या मालकानं गुन्हा कबूल केला. माश्या तर आपण गोठ्यात रोज पाहतो. त्यांच्याकडून साक्ष काढून घेणारी नजर, तीच ही विद्या.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे आणि जास्त महत्त्वाची आहे. १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. जगातलं ते पहिलं मानतात. त्याच साली बंगालमधल्या जलपायगुडी भागात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि पैसे चोरीला गेले. त्याच्या सामानातल्या एका बंगाली पंचांगावर अंगठ्याचा पुसट डाग उमटला होता. तो एका जुन्या नोकराच्या अंगठ्याशी जुळला. हा नोकर आधी चोरीत शिक्षा भोगलेला, म्हणून त्याचा ठसा दप्तरी होता. न्यायालयानं त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनातून सोडलं. का? तर ठसा सांगतो की हा हात पंचांगाला लागला होता. त्याच हातानं गळा कापला, हे ठसा सांगत नाही.

पुरावा जेवढं बोलतो तेवढंच ऐकावं, त्याच्या तोंडात आपले शब्द घालू नयेत. खोपीतला डबा एवढंच सांगत होता की इथं डबा आहे. बाकीचं सगळं गावानं त्याच्या तोंडी घातलं. साप म्हणून भुई धोपटतात हे ऐकलं होतं. इथं तर खरा साप निघून गेला आणि लोकांनी बाईला धोपटलं.

आता तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला यातलं काय कळतं? थोडं कळतं. बियाणे कायदा १९६६ सालचा. त्याखाली निरीक्षक दुकानातून बियाण्याचा नमुना घेतो, तेव्हा त्याचे तीन भाग करून मोहोरबंद करतो. एक भाग विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला आणि एक न्यायालयासाठी राखून. मोहोर तुटली किंवा चिठ्ठीवर सही राहिली, की खटला ढिला पडलाच म्हणून समजा. बियाणं बोगस असूनही दुकानदार सुटतो आणि दुबार पेरणीचा खर्च तुमच्या बोकांडी बसतो. माती परीक्षणाचंही तसंच. उकिरड्याजवळची माती पिशवीत भरली, तर प्रयोगशाळा खरा अहवाल देईल, पण तो उकिरड्याचा असेल. नमुना नीट घेणं, बंद करणं आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला हे लिहिणं, एवढी शिस्त या शिक्षणाचं निम्मं अंग आहे.

याच्या जोडीनं शिकवतात तो विषय म्हणजे गुन्हेगारीशास्त्र. माणूस गुन्हा का करतो, तुरुंगातून सुटल्यावर त्याचं काय होतं, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कोण सावरतं, याचा तो अभ्यास. हातभर बांधावरून सख्खे भाऊ कुऱ्हाडी का काढतात, हा प्रश्न आपल्यालाही पडतोच की! मध्य प्रदेशात सागरच्या विद्यापीठात १९५९ सालापासून हे दोन्ही विषय एका विभागात शिकवले जातात. देशातल्या सर्वांत जुन्या विभागांपैकी तो एक. हरिसिंग गौर या नामवंत कायदेपंडितानं १९४६ साली स्वतःच्या मिळकतीतून ते विद्यापीठ उभं केलं. गुजरातेत गांधीनगरला याच विषयाचं विद्यापीठ आहे. त्याला २०२० सालच्या कायद्यानं राष्ट्रीय दर्जा मिळाला. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्था आहेत. बारावी विज्ञान झालेल्याला पदवीला जाता येतं, पुढं दोन वर्षांची एम.एस्सी.

आता पोटाचा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात या शास्त्राच्या तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असं तिच्या १७६ व्या कलमात आहे. राज्यांना ही व्यवस्था करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे माणसं लागणार. पण पदवी हातात पडली की नोकरी दारात उभी, असं मुळीच समजू नका. सरकारी जागा मोजक्या आणि स्पर्धा परीक्षेतून भरायच्या. शिवाय पुष्कळ जागांना नुसतं रसायनशास्त्र शिकलेलेही चालतात. म्हणून काही मुलं आधी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करतात आणि मग एम.एस्सी.ला या विषयाकडं वळतात. नोकरी लांबली तरी रसायनाची पदवी दुसरीकडं उपयोगी पडते. हा मार्गही वाईट नाही.

प्रवेशाआधी आणखी एक करा. बैल घेताना दात पाहता ना? तसं कॉलेज पाहा. त्याला कोणत्या विद्यापीठाची मान्यता आहे? प्रयोगशाळा प्रत्यक्ष उघडून दाखवतात का? मागच्या वर्षी पास झालेली चार मुलं आज कुठं आहेत? चकचकीत पुस्तिका दाखवून सहा महिन्यांत तज्ज्ञ करतो म्हणणाऱ्यांच्या हाती सोसायटीचं कर्ज काढून पैसे देऊ नका.

एवढं ऐकून गृहस्थ जरा सैलावले. म्हणाले, "पण साहेब, तिथं साक्ष द्यायला कोर्टात उभं राहावं लागेल ना? वकील उलटसुलट विचारणार."

मी काही बोलण्याआधी पोरगीच म्हणाली, "आप्पा, काकूच्या वेळी आपण सगळे घरातच होतो. कुणीच उभं राहिलं नाही."

आप्पांनी कप खाली ठेवला. मग खिशातून चष्मा काढला आणि मला म्हणाले, "त्या नागपूरच्या संस्थेचा पत्ता जरा मोठ्या अक्षरात लिहून द्या."

लिहून दिला. अर्ज अजून जायचा आहे. प्रवेश मिळेल न मिळेल, ते गुणांवर आहे. तुम्ही मात्र एवढं करा. गावात असा प्रसंग आला तर वस्तूंना हात लावू नका, पोलीस पाटलांना कळवा, पंचनाम्यात जे दिसलं तेवढंच लिहून घ्या. आणि अहवाल येईपर्यंत त्या घरच्या बाईला पाणवठ्यावर येऊ द्या.