ठिणगीला वेगळी बॅटरी हवी

संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागलेल्या असाव्यात आणि दारावरून एखादी जुनी स्कूटर जावी. बातम्यांत खरखर सुरू होते आणि स्कूटर कोपऱ्यावर वळली की थांबते. हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना पेट्रोलवर उडणाऱ्या मोठ्या मॉडेल विमानांची सर्वांत मोठी अडचण निम्मी समजलेली आहे.

स्कूटरच्या प्लगमध्ये पडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसे रेडिओ केंद्रच असते. हाइन्रिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युत लहरी निर्माण केल्या त्या ठिणगीनेच. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात तारेविना घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखविली, तेव्हाही लहरी उठविणारी ठिणगीच होती. मॉडेल विमानात मात्र ही ठिणगी आणि जमिनीवरून येणारा रेडिओ हुकूम ऐकणारा रिसीव्हर यांना एकाच पेटीत नांदावे लागते.

ही विमाने म्हणजे मुलांची खेळणी नव्हेत. अमेरिकेत, जिथे हा छंद सर्वाधिक रुजला आहे, ८० इंच किंवा त्याहून अधिक पंखविस्ताराच्या विमानांना 'जायंट स्केल' म्हणतात. दोन मजली पंखांच्या विमानांसाठी ही मर्यादा ६० इंच आहे. ५० सी.सी. इंजिनाचे विमान सात-आठ किलोचे असते, १०० सी.सी.चे अकरा-बारा किलोच्या घरात जाते. पुढे २२-२३ इंची प्रोपेलर मिनिटाला सहा हजार फेरे घेत असतो. असे विमान हाताबाहेर गेले तर काय होईल, हे सांगायला नको.

(अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणतात. त्यामुळे तिथले 'गॅस इंजिन' म्हणजे सिलिंडरवर चालणारे इंजिन असा समज कुणी करून घेऊ नये!)

गंमत अशी, की या छंदाची सुरुवातच ठिणगीने झाली होती. १९३० च्या दशकात अमेरिकेत 'ब्राउन ज्युनिअर' हे छोटे पेट्रोल इंजिन लोकप्रिय झाले. त्याच्यासोबत कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी असा सगळा संसार विमानाला वाहावा लागे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि हे ओझे गेले. प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला दीड व्होल्टवर तापवायची. इंजिन एकदा सुरू झाले की मेथॅनॉलच्या संपर्काने ती आपोआप लाल राहते, बॅटरी काढून घेतली तरी चालते. छोट्या इंजिनांना हे वरदानच होते. पण मेथॅनॉलचे इंधन महाग पडते आणि मोठे इंजिन ते पाण्यासारखे पिते. म्हणून विमाने वाढली तसे लोक पुन्हा पेट्रोलकडे वळले. लाकूड कापण्याच्या आणि गवत छाटण्याच्या यंत्रांची इंजिने त्यांनी विमानांवर चढविली.

त्या इंजिनांत मॅग्नेटो असे. चुंबक बसविलेले जड चाक फिरले की वीज जागच्या जागी तयार होते, बॅटरीची गरजच नाही. पण ते चाक वजनदार, आणि हाताने प्रोपेलर फिरवून इंजिन सुरू करताना ठिणगी अशक्त पडते. म्हणून पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. मोटारसायकलवाले ज्याला सी.डी.आय. म्हणतात, त्याचेच हे छोटे भावंड. बॅटरीच्या पाचसहा व्होल्टचे काही शे व्होल्ट करून ते कंडेन्सरमध्ये भरून ठेवते. प्रोपेलरमागच्या चकतीवरील चुंबक सेन्सरसमोरून गेले की साठा एका झटक्यात कॉइलमध्ये मोकळा होतो आणि प्लगला हजारो व्होल्ट मिळतात.

एक सिलिंडरच्या टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर ठिणग्या. साहजिकच वेग वाढेल तसा बॅटरीवरचा बोजाही वाढतो. सरासरी सहाशे मिलिअँपिअर धरले, तर दहा मिनिटांच्या उड्डाणाला शंभर मिलिअँपिअर-तास खर्च होतात. दोन हजारांच्या बॅटरीवर दिवसभरात दहा उड्डाणे केली तरी निम्मी शिल्लक राहावी. हिशेब तसा सोपा आहे.

वाद आहे तो निराळ्याच गोष्टीवर. ही बॅटरी वेगळी ठेवायची, की रिसीव्हरच्याच बॅटरीतून इग्निशनलाही वीज द्यायची?

जुन्या काळी हा प्रश्नच नव्हता. मेगाहर्ट्झच्या दोन आकडी पट्ट्यांवर रेडिओ चालत, तेव्हा ठिणगीची खरखर रिसीव्हरमध्ये शिरली की पंख थरथरू लागत. म्हणून दोन्हींच्या बॅटऱ्या, तारा, स्विच सगळे वेगळे ठेवायचे आणि मध्ये किमान फूटभर अंतर राखायचे, हा दंडकच होता. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले. त्यांना ठिणगीचा उपद्रव खूपच कमी होतो. मग विजेचा गोंगाट गाळून रिसीव्हरच्या बॅटरीतूनच इग्निशनला वीज पुरविणारी छोटी उपकरणे निघाली. एक बॅटरी कमी झाली, शंभर-दीडशे ग्रॅम वाचले, चार्ज करायला विसरण्याची एक वस्तूही कमी झाली. शिवाय या मंडळींचा एक मुद्दा बिनतोड वाटतो: रिसीव्हरची बॅटरी बसली तर इंजिनही बंद पडते, बेवारस विमान गर्जत दूर जात नाही.

तरीही वेगळ्या बॅटरीचे पारडे जड आहे. उड्डाणात इग्निशनची बॅटरी संपली, तर फक्त इंजिन थांबते. विमान घारीसारखे तरंगत खाली आणता येते आणि कसलेला माणूस ते सुखरूप उतरवतो. रिसीव्हरची बॅटरी संपली तर मात्र उतरवायला काहीच हातात उरत नाही. प्रोपेलरच्या हादऱ्याने इग्निशनच्या एखाद्या तारेचे आवरण घासून शॉर्ट झाले, तर सामाईक बॅटरीमुळे ती छोटी चूक मोठ्या अपघातात बदलू शकते. आठ किलोच्या विमानात दीडशे ग्रॅम ते किती!

राहिला बेवारस विमानाचा मुद्दा. त्यावर प्रकाशाने चालणारा स्विच हा उपाय आहे. रिसीव्हरच्या बाजूला एक इवलासा दिवा, त्याच्यासमोर इग्निशनच्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग. दिवा चालू तोवर इंजिन चालू. विझला की बंद. दोघांमध्ये तारेचा संबंधच नाही, असतो तो फक्त उजेड. त्यामुळे गोंगाट पलीकडे जात नाही आणि ट्रान्समीटरवरचे एक बटण दाबून इंजिन थांबवता येते. संपर्क तुटल्यावर हा दिवा विझावा, अशी रिसीव्हरमध्ये योजना करून ठेवावी लागते. ती आपोआप होत नाही. विमान कुणाला तरी घट्ट धरायला लावून, इंजिन चालू असताना ट्रान्समीटर बंद करून पाहावा. क्षणार्धात इंजिन थांबले पाहिजे.

इथे मॅग्नेटोवाल्यांनी विशेष जपावे. मॅग्नेटो बंद करायचा तर त्याची कॉइल इंजिनाच्या धातूला जोडावी लागते. म्हणजे ती तार तुटली तर इंजिन थांबतच नाही. बॅटरीच्या इग्निशनचे नेमके उलटे आहे, तार तुटली की ठिणगी संपली. अमेरिकेतील जायंट स्केल विमानांच्या संघटनेने तर दोन्ही प्रकारांसाठी विमानावरच, प्रोपेलरला हात न लावता दाबता येईल आणि इतरांनाही सहज दिसेल असा स्विच बंधनकारक केला आहे. शिवाय जमिनीवरून इंजिन थांबविण्याची सोयही असावीच लागते.

बॅटरी कोणती, हा प्रश्न व्होल्टेजचा आहे. जुनी इग्निशने ४.८ ते ६ व्होल्टची, म्हणजे निकेल-कॅडमियमच्या चार-पाच सेलची. दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट देते. जुन्या डबीला ती थेट जोडली की डबी गेलीच समजा. मध्ये रेग्युलेटर घालावा, नाही तर ८.४ व्होल्ट सोसणारे नवे इग्निशन घ्यावे. प्लगची टोपी काढलेली असताना स्विच कधीही चालू करू नये. बाहेर वाट न मिळालेली वीज डबीच्या आतच वाट शोधते. आणि स्विच बंद असल्याची खात्री असली, तरी प्रोपेलरला हात लावताना तो चालू आहे असेच समजावे.

नवे विमान पहिल्यांदा उडविण्यापूर्वी जाणकार एक परीक्षा घेतात. ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून तीसेक पावले मागे जायचे आणि पंख-शेपटी हुकूम पाळतात का ते पाहायचे. आधी इंजिन बंद ठेवून, मग पूर्ण वेगाने चालू ठेवून. दोन्ही वेळा सारखेच वागले तर ठीक. इंजिन चालू होताच शेपटी फडफडू लागली, तर सर्वांत आधी प्लगची टोपी आणि तिच्या तारेवरचे धातूचे जाळीदार कवच तपासावे. बहुधा तेच सैल झालेले असते.