संपाचा हक्क आणि बाबासाहेबांचा इशारा

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहिता सप्टेंबर २०२० मध्ये विरोधकांच्या बहिष्कारात संसदेत संमत झाली होती. उद्योगवाढीसाठी ती हवी, असे सांगितले जाते. मात्र तिच्यातील संपाच्या तरतुदी वाचल्या की १९३८ सालचे मुंबई विधिमंडळ आठवते.

त्या वर्षी काँग्रेसच्या खेर मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. सलोख्याची बोलणी चालू असताना केलेला संप त्यात गुन्हा ठरवला होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी सभागृहात या विधेयकाची चिरफाड केली. काम सोडणे हा फार तर नोकरीच्या कराराचा भंग आहे. तो दिवाणी स्वरूपाचा आहे, फौजदारी नव्हे. त्याला शिक्षा ठेवणे म्हणजे माणसाला मनाविरुद्ध राबवणे, आणि यालाच गुलामी म्हणतात, हा त्यांचा युक्तिवाद होता. विधेयक बहुमताच्या जोरावर संमत झाले. तेव्हा बाबासाहेब रस्त्यावर उतरले. कम्युनिस्टांशी तीव्र मतभेद असतानाही त्यांना बरोबर घेऊन ७ नोव्हेंबर १९३८ चा संप त्यांनी घडवला.

आज काय आहे? जुन्या कायद्यात संपाच्या नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांपुरती होती. आता प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत १४ दिवस आधी नोटीस हवी. नोटीस दिली की सलोखा अधिकाऱ्याने कार्यवाही सुरू करायची; ती चालू असेपर्यंत आणि संपल्यावर ७ दिवस संप बेकायदा! निम्म्या कामगारांनी मिळून रजा टाकली तरी तो संपच. शिक्षा १० हजार रुपयांपर्यंत दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे कागदावर हक्क शिल्लक आहे, वापरायला मात्र वाट ठेवलेली नाही. त्याच वेळी कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० वरून ३०० कामगारांवर नेली. मालकाला मोकळीक आणि मजुराला बेडी, हा कुठला समतोल?

बाबासाहेब उद्योगांचे विरोधक होते काय? मुळीच नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी वीज आणि नदीखोऱ्यांच्या योजनांना चालना दिली. त्याच काळात कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारे विधेयकही त्यांनीच मांडले. देशाचा विकास आणि मजुराचा सन्मान त्यांनी एकमेकांपासून तोडला नाही.

सफाई, बांधकाम, औद्योगिक वसाहतींतील कंत्राटी कामे यांत आपला माणूस मोठ्या संख्येने राबतो. कंत्राटात आरक्षण नाही, नोकरीची हमी नाही. त्याच्या हाती उरते ती फक्त संघटित नकाराची ताकद. तीच काढून घेतली जात असताना चळवळ केवळ जयंती आणि पुतळ्यांपुरती राहणार काय? शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत विधिमंडळातील ही भाषणे आहेत. ती वस्तीवस्तीत वाचली जावीत. कंत्राटी कामगारांच्या युनियन उभ्या राहाव्यात. आणि निळा झेंडा घेऊन मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : या संहितेविरुद्ध सभागृहात तुम्ही काय बोललात?