पाण्याच्या वाटेने

गुवाहाटीच्या स्थानकावर उतरणाऱ्या हौशी प्रवाशाच्या खिशात बहुधा एक यादी असते. काझीरंगा, मानस, ओरांग, नामेरी, दिब्रू-सैखोवा, नामदाफा आणि सवड झाल्यास मणिपुरातील केइबुल लामजाओ. हाताशी दिवस आठ आणि पाहावयाची राष्ट्रीय उद्याने सात! नकाशावर ही उद्याने हिरव्या ठिपक्यांसारखी एकमेकांच्या शेजारी दिसतात. प्रत्यक्ष मोटार चालू लागली म्हणजे मात्र त्या ठिपक्यांमधील खरे अंतर कळून येते. पहाटे एका उद्यानात गेंडा, सायंकाळी दुसऱ्याच्या फाटकाशी छायाचित्र आणि मधला सारा दिवस मोटारीत डुलक्या, असा हा प्रवास होतो. घरी परतल्यावर तो सात उद्याने पाहिल्याचे अभिमानाने सांगतो. 'पाहणे' हे क्रियापद त्याने फार सैलपणे वापरले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रवाशाचा उत्साह खोटा नसतो. चूक असते ती त्याच्या निवडीच्या रीतीत. गेंड्यासाठी काझीरंगा, सोनेरी वानरासाठी मानस, सांगाई हरणासाठी केइबुल लामजाओ, असा एकेका प्राण्यावर बोट ठेवून त्याने बेत आखलेला असतो. परंतु ईशान्य भारतात प्राण्याच्या आधी पाणी पाहावे लागते. उत्तरेस हिमालय, पूर्वेस पाटकाईच्या रांगा, दक्षिणेस कार्बी, खासी व गारो टेकड्या आणि या सर्वांच्या कुशीतून वाहणारी ब्रह्मपुत्रा, अशी आसामची रचना आहे. डोंगरावर पडलेला पाऊस उतरताना माती घेऊन येतो, त्या मातीवर गवत माजते आणि त्या गवतात गेंडा राहतो. म्हणून येथे उद्याने थोडीच निवडावीत. मात्र ती अशी निवडावीत की, पाण्याची ही वाट डोंगरापासून दलदलीपर्यंत डोळ्यांखालून जावी.

काझीरंगाचेच उदाहरण घ्यावे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील एकशिंगी गेंडा शिकारीमुळे जवळजवळ नाहीसा झाला होता. १९०८ साली ते रान राखीव करण्यात आले, १९७४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली त्याची जागतिक वारसास्थानांत गणना झाली. २०२२ सालच्या गणनेत तेथे २,६१३ गेंडे आढळले. हे यश लहान नव्हे. त्यामागे वनरक्षकांचे अपार कष्ट आहेत. चौकीभोवती पुराचे पाणी चढलेले असताना होडीतून गस्त घालणाऱ्या या माणसांविषयी प्रवासी पुस्तिकांत मात्र क्वचितच एखादी ओळ सापडते.

प्रवाशाला काझीरंगा भेटते ते हिवाळ्यात. पाणी ओसरलेले असते. हत्तीही झाकून जाईल एवढे उंच गवत वाळते, त्याचे काही पट्टे वनखाते जाळते आणि त्या जागी उगवणाऱ्या कोवळ्या पात्यांवर गेंडे, रानम्हशी व बारशिंगे उघड्यावर चरावयास येतात. उघड्या जीपमधून दोन तासांत हे सर्व दिसते, यात शंका नाही. परंतु या देखाव्याची तयारी झालेली असते पावसाळ्यात, जेव्हा उद्यान प्रवाशांना बंद असते. तेव्हा ब्रह्मपुत्रा आपले काठ सोडून उद्यानात शिरते. नदीने सोडून दिलेल्या जुन्या पात्रांत साचलेल्या तळ्यांना आसामात 'बील' म्हणतात. पुराचे पाणी या बिलांतील जलपर्णी वाहून नेते, त्यांत नवे मासे आणून सोडते आणि कुरणांवर गाळाचा थर पसरते. पूर आलाच नाही, तर काही वर्षांत झाडे-झुडपे पुढे सरकतील आणि गेंड्याचे गवत मागे हटेल.

हाच पूर मारकही आहे. २०१७ च्या पुरांत काझीरंगातील तीनशेहून अधिक प्राणी मरण पावले. पाणी चढू लागले की प्राणी उंच जागा शोधतात. उद्यानात त्यांच्यासाठी मातीचे उंचवटे मुद्दाम रचलेले आहेत; पण त्यांचा खरा आसरा म्हणजे दक्षिणेकडील कार्बी आंगलाँगचे डोंगर. अडचण अशी की, उद्यान व डोंगर यांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग गेला आहे. पानबारी, हल्दीबारी अशा ठरावीक जागी हत्ती आणि हरणे पिढ्यान्‌पिढ्या पलीकडे जात आली आहेत. आता त्याच जागी त्यांना मालमोटारींच्या रांगा आडव्या येतात. पुराच्या दिवसांत वाहनांच्या वेगावर मर्यादा घालतात आणि कोणती मोटार किती वेळात हा टप्पा ओलांडते, हे वेळेची नोंद केलेल्या चिठ्ठ्यांवरून तपासतात. हा उपाय चांगला आहे, पण अपुरा आहे. दोन्ही बाजूंना हॉटेले, भिंती व कुंपणे वाढत गेली, तर गाड्या हळू चालूनही प्राण्यांना वाट उरणार नाही. आणि ही हॉटेले कोणासाठी बांधली जातात, हा प्रश्न प्रवाशाने स्वतःस विचारावयास हवा.

म्हणून गेंडा पाहून त्याच रस्त्याने परत फिरणाऱ्या प्रवाशाने काझीरंगाचा अर्धाच भाग पाहिला, असे समजावे. त्याने एक दिवस तरी डोंगराच्या बाजूस द्यावा. पानबारीच्या रानात झाडांच्या शेंड्यांवरून झोके घेणारे हुलॉक गिबन आहेत. शेपूट नसलेले हे वानर भूमीवर क्वचितच उतरते. त्याला पाहण्यास्तव मान मागे टाकून उभ्या राहिलेल्या माणसाला खाली पसरलेली दलदल आणि वरचा डोंगर यांचे नाते कोणी समजावून सांगावे लागत नाही.

मानसमध्ये हे नाते आणखी स्पष्ट आहे, कारण तेथे नदी भूतानच्या डोंगरांतून सरळ उद्यानातच उतरते व पलीकडच्या तीरावर भूतानचे उद्यान सुरू होते. सोनेरी वानर हा या प्रदेशाचा खास रहिवासी. पूर्वेस मानस नदी, पश्चिमेस संकोश, दक्षिणेस ब्रह्मपुत्रा आणि उत्तरेस भूतानचे उंच डोंगर, एवढ्याच चौकटीत तो आढळतो. पाण्याने व पर्वताने एखाद्या प्राण्याचे घर इतके काटेकोर आखून दिल्याचे दुसरे उदाहरण सहसा मिळणार नाही. १९५३ साली ई. पी. जी या निसर्गप्रेमी चहामळेवाल्याने त्याची छायाचित्रे घेतली आणि पुढे शास्त्रज्ञांनी त्या वानरास त्याचेच नाव दिले. मानसने वाईट दिवसही पाहिले. अशांततेच्या काळात तेथील गेंडे शिकाऱ्यांनी नाहीसे केले. १९९२ साली हे वारसास्थान धोक्यातील स्थानांच्या यादीत गेले आणि २०११ साली त्यातून बाहेर आले. मधल्या काळात, २००८ पासून, पोबितोरा अभयारण्यातील गेंडे तेथे आणून सोडण्यात आले होते.

याच जी महाशयांचे नाव केइबुल लामजाओच्या कथेतही येते. तेथे जावयाचे म्हणजे ब्रह्मपुत्रेचे खोरे सोडून मणिपुरात जावे लागते. तेथील पाणी चिंदविन नदीस मिळून म्यानमारकडे जाते. डोंगरांच्या वाटोळ्या कड्यात लोकताक नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे आणि त्याच्या एका बाजूस ४० चौरस किलोमीटरांचे हे उद्यान पाण्यावर तरंगते आहे. गवत, मुळे व कुजलेला पाला यांचे जाड थर पाण्यावर साचून त्यांची गादी होते. तिला तेथे 'फुमदी' म्हणतात. तिचा सुमारे एक पंचमांश भाग पाण्यावर दिसतो, उरलेला पाण्याखाली असतो. या डुलत्या भूमीवर सांगाई हरीण राहते. पाऊल दबत असल्याने ते असे काही तोलून चालते की, लोक त्यास नाचरे हरीण म्हणतात. १९५१ साली सांगाई नष्ट झाल्याचे जाहीर झाले होते. १९५३ साली जी यांना ते पुन्हा आढळले. १९७५ साली विमानातून केलेल्या गणनेत अवघी १४ हरणे दिसली. १९७७ साली उद्यान झाले. २०१६ च्या गणनेत २६० नोंदली गेली.

आकडे सुखावह आहेत, पण तेवढ्यावर समाधान मानणे घाईचे होईल. पूर्वी उन्हाळ्यात लोकताकचे पाणी उतरे, फुमदी तळाला टेके, तिची मुळे मातीतून अन्न घेत आणि पावसाळ्यात ती धष्टपुष्ट होऊन पुन्हा वर येई. १९८३ साली इथाई येथे बंधारा झाला. विजेसाठी पाणी वर्षभर उंच राखले जाऊ लागले. आता फुमदीची मुळे तळापर्यंत पोहोचत नाहीत. ती उपाशी राहून पातळ होते, आणि पातळ गादीवर हरणाचे पाय खचतात. बंधारा बांधणाऱ्यांना हरणाशी वैर नव्हते. मणिपुराला विजेची गरज होती आणि ती आजही आहे. परंतु उन्हाळ्यातील काही आठवडे पाणी उतरू देणे आणि वीज यांचा मेळ घालता येतो किंवा नाही, हे पाहणे कठीण असले तरी आवश्यक आहे. सांगाईचे छायाचित्र घेऊन परतणाऱ्याला हा प्रश्न सुचतच नाही. उद्यानातील पाबोत, तोया व चिंगजाओ या टेकड्यांवरून सरोवराचे पाणी न्याहाळणाऱ्याला तो सुचतो.

मग नामदाफाचे काय? अरुणाचलातील हे उद्यान १,९८५ चौरस किलोमीटरांचे आहे. त्याच्या पायथ्याशी सदाहरित रान आणि माथ्यावर साडेचार हजार मीटरांहून उंच हिमशिखर आहे. डोंगर व पाणी यांची कथा याहून भव्य कोठेही वाचावयास मिळणार नाही. तरीही पहिल्याच प्रवासात ते निवडू नये. तेथे प्राणी सहजी दिसत नाहीत, पायी फार चालावे लागते आणि जळवा प्रवाशाची हौस जोखून पाहतात. रानात कान कसे वापरावे, हे जो आधी दुसरीकडे शिकला, त्यालाच तेथील शांतता उमजेल.

महाराष्ट्रातून एवढ्या लांब आयुष्यात एकदाच जाणे होणार, तेव्हा शक्य तेवढे पाहून घ्यावे, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. रेल्वेचे भाडे आणि रजेचे दिवस यांचा हिशोब कोणास चुकला आहे? परंतु सात ठिकाणी एकेक रात्र काढणाऱ्याचा पैसा मुख्यतः मोटारीच्या इंधनात जातो. चार दिवस एकाच ठिकाणी राहणाऱ्याचा पैसा वाटाड्या, नावाडी व खानावळवाली बाई यांच्या घरी पोहोचतो, आणि ज्यांच्या शेतात हत्ती शिरतात त्या लोकांना रान राखण्याचे काही कारण उरते. शिवाय चौथ्या दिवशी वाटाड्या जे बोलतो, ते पहिल्या दिवशी कधीच बोलत नाही.

तेव्हा आठ दिवसांचा बेत असा करावा. नोव्हेंबर ते एप्रिल यांमधील काळ धरावा. चार दिवस काझीरंगास द्यावेत व त्यांतील एक कार्बी डोंगरांच्या बाजूस घालवावा. दोन दिवस लोकताकच्या काठी राहावे. मात्र मणिपुरात शिरण्यास परवाना लागतो, आणि मे २०२३ मध्ये तेथे मोठी अशांतता उसळली होती. म्हणून निघण्यापूर्वी तेथील परिस्थितीची चौकशी अवश्य करावी, आणि जाणे योग्य नसेल तर ते दोन दिवस मानसला द्यावेत. उरलेले दोन दिवस येण्याजाण्यात जातील. वर्गातील नकाशा भिंतीवरून उतरवून, काझीरंगाजवळ कोणते डोंगर आहेत आणि लोकताकचे पाणी कोठे जाते, हे निघण्याच्या आदल्या दिवशी बोटाने शोधून ठेवावे. नामदाफा पुढच्या खेपेस.