काटकसर करा, पण स्वतःच्या ताटात नको

मैत्रिणींनो, आजचा विषय थोडा घरगुती आहे. महागाई वाढते, पगार तेवढाच राहतो, मुलांची फी, घरभाडं, गॅस, रिक्षा, आजी-आजोबांची औषधं, सगळं त्यातच भागवायचं असतं. हे भागवण्याची जबाबदारी बहुतेक घरांत आईवर येते आणि ती ते भागवतेही. माझा प्रश्न एवढाच आहे की ती ते कशातून भागवते? दवाखान्यात बसून जे दिसतं त्यावरून मी सांगते: बऱ्याचदा ती ते स्वतःच्या शरीरातून भागवते.

नवऱ्याच्या डब्यात दोन भाज्या, मुलांना दूध आणि अंडं, सासूबाईंना मऊ भात. सगळ्यांचं झालं की मग ती बसते आणि पातेल्यात जे उरलं ते खाते. सकाळी घाईत फक्त चहा, दुपारी कामावर चहा-बिस्किट, रात्री पोळी आणि भाजीचा रस्सा. स्वतःचं दुखणं ‘पुढच्या महिन्यात बघू’. याला आपण कौतुकाने त्याग म्हणतो. डॉक्टर म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ही काटकसर नाही, ही उधारी आहे. ती व्याजासकट फेडावी लागते, आणि फेडतं सगळं घर.

आकडे काय सांगतात?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या दर दोघींपैकी एकीला ॲनिमिया असण्याची शक्यता आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. तरीही ९ किंवा साडेनऊ असलं की ‘बायकांचं तेवढंच असतं’ असं म्हणून रिपोर्ट कपाटात जातो.

रक्त कमी असलं की जिना चढताना धाप लागते, डोकं दुखतं, केस गळतात, पाय ओढतात, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते. मग आई मुलांवर ओरडते आणि रात्री स्वतःलाच दोष देते. अनेकदा तो स्वभाव नसतो, कमी झालेलं हिमोग्लोबिन असतं.

पैसे नेमके कुठे जातात?

‘डॉक्टर, चांगलं खायला पैसे लागतात’ हे मी रोज ऐकते. ते काही अंशी खरंच आहे. पण त्याच घरात पुढचे खर्चही दिसतात.

एक, डब्यांतल्या पावडरी. मुलांची उंची आणि बुद्धी वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पावडरींमध्ये साखरेचं प्रमाण भरपूर असतं. डब्यामागचा तक्ता वाचून बघा. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ असा प्रकारच नाही. म्हणूनच एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं त्या नावाखाली दाखवू नका असं सांगितलं.

दोन, ताकदीचं सलाईन. अशक्तपणा आला की ‘एक बाटली लावा’ असा आग्रह होतो. अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभर कॅलरीही नाहीत. एका भाकरीत याहून जास्त ताकद आहे. उलट्या-जुलाबाने शरीर कोरडं पडलं असेल, तोंडाने काही घेता येत नसेल, तर सलाईन जीव वाचवतं. रोजच्या थकव्यावर त्याचा उपयोग नाही.

तीन, टॉनिकच्या बाटल्या. तपासणी न करता, कोणीतरी सांगितलं म्हणून आणलेल्या. त्याच पैशात हिमोग्लोबिनची तपासणी होऊन लोहाच्या गोळ्याही येतात.

चार, दहा रुपयांचे पुडे. रोज एक बिस्किटाचा किंवा कुरकुरीत वेफर्सचा पुडा म्हणजे महिन्याला ३०० रुपये. दोन मुलं असतील तर ६००. तुमच्या वाण्याकडे ६०० रुपयांत किती शेंगदाणे, मटकी, हरभरे आणि अंडी येतात याचा हिशोब एकदा मांडून बघा.

हे वाचून स्वतःला दोष देऊ नका. जाहिराती आईच्या काळजीवरच चालतात. मुलाचा हट्ट मोडायला वेळ आणि ताकद लागते, आणि ती आधीच संपलेली असते.

स्वस्तात ताट कसं भरायचं?

५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यासाठी पावडर लागत नाही. एक वाटी घट्ट वरण किंवा आमटी, एक वाटी मटकीची किंवा चवळीची उसळ, तीन भाकऱ्या किंवा चार पोळ्या, मूठभर शेंगदाणे, एक अंडं आणि वाटीभर दही-भात. झाली बेरीज. अंडं चालत नसेल तर थोडं दही वाढवा किंवा आठवड्यातून दोन-तीनदा सोयाबीनच्या वड्या करा. १०० ग्रॅम वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्या बऱ्याच स्वस्तही पडतात. पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ कडे लक्ष द्या. ते दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण अनेकींना कमी पडतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा.

कॅल्शियमसाठी नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. भाकरी, आंबील, घावन, काहीही करा. तीळ आणि शेवग्याचा पालाही चांगला. किनारपट्टीवर राहत असाल तर सुकट आणि जवळा आहेच, फक्त बीपी असेल तर मिठाकडे बघा.

आता लोह. मोठ्या स्त्रीला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं. ‘मी गूळ-शेंगदाणे खाते, बीट खाते’ असं अनेकजणी सांगतात. शेंगदाणे उत्तमच. पण गुळाच्या छोट्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम लोहही मिळत नाही, आणि बीट लाल असलं तरी त्यात लोह फारसं नसतं. बाजरी, मोड आलेली कडधान्यं, हरभरे, अळीव, पालेभाज्या यांवर भर द्या. मांसाहार करत असाल तर त्यातलं लोह शरीराला जास्त सहज मिळतं.

आणि बिनपैशाचा उपाय: जेवणाबरोबर चहा घेऊ नका. चहातल्या घटकांमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा. उलट लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा. क जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त शोषलं जातं. चहाची वेळ बदलायला एक पैसाही लागत नाही.

उपास करत असाल तर तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण आठवड्यात दोन-तीन उपास आणि प्रत्येक उपासाला फक्त साबुदाणा आणि चहा, हे रक्त कमी असलेल्या शरीराला झेपत नाही. राजगिरा, भगर-शेंगदाण्याची आमटी, दही, दूध, फळ यांचा समावेश करा. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपासाबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

वेळ हाही खर्चच आहे

‘हे सगळं करायला वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. पैशाची बचत सांगणारे लेख बहुतेक वेळा बाईचे तास फुकट धरतात. घरीच करा, निवडून ठेवा, ताजंच शिजवा. पण करणार कोण? कामावरून सात वाजता आलेली आई?

म्हणून दोन गोष्टी. पहिली, सोपं करा. रात्री मटकी भिजवली आणि सकाळी फडक्यात बांधली की मोड आपोआप येतात. एकदाच जास्त काढून फ्रीजमध्ये ठेवली की दोन-तीन दिवस चालतात. भाजणी, शेंगदाण्याचं कूट, जवसाची किंवा तिळाची चटणी सुट्टीच्या दिवशी करून ठेवा. पिठलं-भाकरी आणि कांदा हेही पूर्ण जेवण आहे. रोज चार पदार्थ हवेत असा कुठल्याही वैद्यकशास्त्राचा नियम नाही.

दुसरी, काम वाटा. आठ-दहा वर्षांचा मुलगा लसूण सोलू शकतो, मेथी निवडू शकतो. नवऱ्याने कुकर लावला तर डाळ तितकीच शिजते. घरातली एक व्यक्ती पाच तास झोपणार आणि बाकीचे आठ तास, हा हिशोब आरोग्याच्या दृष्टीने तोट्याचा आहे. झोप सतत कमी पडली तर वजन, साखर आणि रक्तदाब बिघडायला मदतच होते.

जे फुकट मिळतं ते हक्काने घ्या

ॲनिमियामुक्त भारत मोहीम २०१८ पासून चालू आहे. तिच्यात २० ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी आठवड्याला एक लाल लोह-फॉलिक ॲसिडची गोळी ठरवलेली आहे. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारा. रक्त आधीच कमी असेल तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टर ठरवतील. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नका. शौचाला काळसर होईल, त्याने घाबरू नका. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, त्यांना जास्त लोहाने विषबाधा होते. महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान एकाने वाढायला हवं. वाढलं नाही तर कारण शोधायला हवं.

तीस वर्षं पूर्ण झाली असतील तर आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रोजची औषधं जनऔषधी केंद्रातून घेतली तर बिल बरंच कमी होतं. बाळाला पाजत असाल तर अंगणवाडीतला आहार तुमच्यासाठीही आहे. तो घरात सगळ्यांत वाटून टाकू नका.

२०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये अनेकींच्या खात्यात येतात. ते किराण्यात आणि फीमध्ये जातात हे मला माहीत आहे. माझी विनंती एवढीच, त्यातला थोडा हिस्सा स्वतःच्या ताटासाठी आणि तपासणीसाठी बाजूला काढा. ही चैन नाही.

या गोष्टी पुढे ढकलू नका

पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालणं किंवा गुठळ्या जाणं, पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं, स्तनात गाठ लागणं, थोड्या श्रमाने धाप लागणं, छातीत दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, सतत उदास वाटणं किंवा जगणं नको वाटणं. यातलं काहीही असेल तर पैशाचा विचार बाजूला ठेवून लगेच दाखवा. छातीत दुखत असेल किंवा जीव नकोसा झाला असेल तर त्याच दिवशी. पाळीत जास्त रक्त जात असताना फक्त गोळ्या खात राहणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं. आधी गळती थांबवायला हवी.

एक आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे: काही घरांत खरोखरच कापायला काहीच उरलेलं नसतं. तिथे असले लेख पुरे पडत नाहीत. तिथे रेशन, अंगणवाडी, शाळेतलं जेवण आणि सरकारी दवाखाना नीट चालणं हाच उपाय आहे, आणि तो मागणं हा तुमचा हक्क आहे. पण जिथे थोडी निवड करता येते, तिथे ती दर वेळी आईच्या विरोधात जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे वाचणाऱ्या नवऱ्यांना आणि मोठ्या मुलांनाही एक सांगायचं आहे. आज रात्री जेवायला सगळे एकत्र बसा. भाजी, उसळ, अंडं वाटताना पहिल्यांदा आईचं ताट वाढा, मग स्वतःचं. खर्च तेवढाच होईल.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तक्रारींसाठी आणि औषधांच्या डोससाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)