टोपण तुमच्या बाटलीला लावा

मी गोदीत माल उतरवतो. शिक्षण मॅट्रिक. पाळी सुटली की कविता लिहितो.

मागं एका मासिकाला कविता पाठवली. साभार परत. संपादक महाशय एका कार्यक्रमात भेटले, तेव्हा गोड आवाजात म्हणाले, "कविता दमदार आहे हो. पण एखादं टोपणनाव घ्या ना. वाचकांचा पूर्वग्रह आड येणार नाही." पूर्वग्रह काय असतो ते मला डिक्शनरीत बघावं लागत नाही. पास बघताना आडनावावर अडकणारी नजर रोजच अंगावर घेतो.

खोटं कशाला बोलू? मी भुललो. संस्कृतातलं एक गुळगुळीत नाव हुडकलं. तीच कविता, तेच मासिक, पत्ता तेवढा दोस्ताचा. छापून आली! काना-मात्रेचाही फरक नाही.

अंक घरी नेला. आमचा म्हातारा रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलेला. बोट फिरवत वाचतो. सगळं पान फिरला नि म्हणाला, "तुजं नाव कुठं हाय रं?" मी बोट ठेवलं. त्यानं परत वाचलं. "हे तर दुसऱ्या कुणाचं पोरगं हाय."

त्या रात्री झोप नाही लागली.

नावाचं राजकारण जुनं आहे. मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो, ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं किळस येईल असं. आम्ही तर त्याच्याही खाली. गावच्या कागदांवर आमची माणसं बघा : कचऱ्या, धोंड्या, दगड्या. ते पुस्तक बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ला महाडला जाळलं. आणि मी काय केलं? मंगल नावाच्या रांगेत चोरून घुसलो.

शिरवाडकर कुसुमचे थोरले भाऊ म्हणून कुसुमाग्रज झाले. गडकरी गोविंदाग्रज झाले. खुशाल. त्यांना नावाआड जात दडवायची नव्हती. त्यांचं टोपणनाव ही हौस. आमच्यापुढं ठेवलेलं टोपणनाव ही अट. दोन्हीला एकच शब्द लावणं ही लबाडी आहे.

पोटासाठी लपणाऱ्याला मी हसणार नाही. बाबुराव बागूलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचा. खोली मिळावी म्हणून जात लपवलेल्या माणसाला कळल्यावर कसं तुडवतात ते बघा. छप्पर पाहिजेच. पण कविता म्हणजे भाड्याची खोली नाही. तिथंही चोरासारखं राहायचं, तर लिहायचं कशाला?

मग नाव बदलूच नये का? बदला की! ज्या देशातनं पँथर हा शब्द १९७२ला मुंबईत आला, तिथं माल्कम लिटलनं मालकानं चिकटवलेलं आडनाव फेकलं आणि एक्स लावलं. एक्स म्हणजे हिरावून घेतलेल्या नावाची खूण. कॅशियस क्ले १९६४ला मुहम्मद अली झाला. त्यांनी तोंड लपवलं नाही, चव्हाट्यावर उभं राहून सांगितलं. आपल्या सोयराबाईनं तर चौदाव्या शतकात अभंगात स्वतःला चोख्याची महारी म्हणवून घेतलं, देवासमोर.

माझं माप साधं आहे. तुमच्या नव्या नावानं वरच्यांना बरं वाटलं, तर समजा तुम्ही लपलात. त्यांच्या कपाळाला आठी पडली, तर ते नाव हत्यार आहे. बिनधास्त वापरा.

ती छापलेली कविता मी माझी मानत नाही. ती परत लिहिणार, माझ्या नावानं. परत आली तर परत पाठवणार.

आणि ह्या अंकाच्या संपादकांनो, ह्या लेखाला नाव पूर्ण लावा. आडनावासकट, ठळक टायपात. म्हातारा बोट फिरवून वाचणार आहे.