भागीदारीत कामगाराची खुर्ची कुठे?

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार सरकारी आय.टी.आय. सुधारण्यासाठी ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पाच वर्षांत केंद्राने ३०,००० कोटी, राज्यांनी २०,००० कोटी आणि उद्योगांनी १०,००० कोटी घालायचे, असा हिशेब आहे. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘पीएम-सेतू’ या नावाने तिचा प्रारंभ झाला. २०० संस्था मुख्य, ८०० त्यांना जोडलेल्या आणि प्रत्येक गटाच्या कारभारात एक प्रमुख उद्योग भागीदार. मालकी सरकारची, व्यवस्थापन उद्योगाचे, हे सरकारनेच जाहीर केले आहे. सहा रुपयांतले पाच जनतेचे आणि सुकाणू सहावा रुपया घालणाऱ्याच्या हाती!

बंधुभगिनींनो, तरुणांना काम मिळवून देण्यासाठी सरकारने खर्च करावा, याला आमचा विरोध नाही. तशी मागणी आम्हीच वर्षानुवर्षे करत आलो आहोत. प्रश्न आहे तो भागीदार कोण, हा.

हा प्रयोग पहिला नाही. २००७-०८ पासून १,३९६ सरकारी आय.टी.आय. खाजगी भागीदारीच्या योजनेत घेतल्या गेल्या. प्रत्येक संस्थेच्या व्यवस्थापन समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज; पहिली दहा वर्षे हप्ता नाही, पुढे वीस वर्षांत फेड. (आमच्या कुठल्या पतपेढीने सभासदाला असे कर्ज दिल्याचे ऐकिवात नाही.) समितीची रचना पाहा. अध्यक्ष उद्योग भागीदाराचा, त्याने सुचवलेले चार स्थानिक उद्योजक, राज्य सरकारने नेमलेले पाच सदस्य आणि सचिव म्हणून प्राचार्य. सरकारच्या पाचांत रोजगार अधिकारी आहे, ज्येष्ठ शिक्षक आहे, विद्यार्थ्यांचा प्रतिनिधीसुद्धा आहे. ज्या लेथवर त्या मुलाला उभे राहायचे, त्या लेथवर तीस वर्षे काढलेल्या कामगारासाठी मात्र खुर्ची नाही.

जर्मनीच्या व्यवसाय शिक्षणाचे गोडवे आपल्याकडचे मंत्री आणि उद्योगपती नेहमी गातात. तिथल्या १९६९ च्या कायद्यानुसार प्रशिक्षण समितीत मालकांचे सहा आणि कामगारांचे सहा प्रतिनिधी बसतात, शिवाय सहा शिक्षक. हे सांगायचे मात्र राहून जाते.

खुर्ची नसली की काय होते, ते रेल्वे कामगारांनी पाहिले आहे. १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. सुरक्षितता आणि अपघात भरपाईच्या तरतुदी तेवढ्या त्याला मिळतात, एरवी कामगार कायदे त्याला लागू नाहीत. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण मालकानेच ठरवावे असे सांगितले. २०१६ पासून तर विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देऊ लागले. म्हणजे हात स्वस्त मिळतात आणि जबाबदारी नाही.

२० मार्च २०१८ च्या सकाळी माटुंगा-दादर दरम्यान रेल्वेची ही शिकलेली मुले रुळांवर बसली. भरतीतील वीस टक्क्यांची मर्यादा काढा आणि आम्हाला सामावून घ्या, ही त्यांची मागणी. ती आपल्याच कारखान्यांत, आपल्याच मिस्त्रींच्या हाताखाली तयार झाली होती. एरवी आम्ही तरी त्यांची कुठे विचारपूस केली? ना सभासदत्व, ना सभेचे बोलावणे. ‘शिकाऊ आहे, वर्षाने जाईल’ म्हणत आलो. ही चूक आमचीही आहे.

पोस्टातील बंधूंना हे वेगळे सांगायला नको. ग्रामीण डाक सेवक टपाल वाटतो, बचत खात्याची रक्कम हाताळतो, तरी खात्याचा नियमित कर्मचारी तो नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, प्रत्येक गटाच्या व्यवस्थापनावर संघटित कामगारांचा एक आणि प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांचा एक प्रतिनिधी असावा. सरकारी पैशाचा पुढचा हप्ता सोडताना किती मुले पास झाली एवढेच न पाहता, वर्षानंतर किती जण पगारावर आहेत हे भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींवरून तपासावे. नोंद नसेल तर हप्ता थांबवावा.

हे दिल्लीत ठरेल तेव्हा ठरेल. शाखांनी तोवर जवळच्या सरकारी आय.टी.आय.मध्ये जाऊन समितीवर कोण आहेत, बैठक शेवटची कधी झाली, कर्जाच्या रकमेतून काय घेतले, ते विचारावे. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा आणि आलेली माहिती फेडरेशनच्या कार्यालयाकडे धाडावी.